शुक्रवारचं सेशन बंद कर, पण तो ग्रुप आहे तसाच राहू दे

‘ताई, आमची कंपनी पॅकिंग मशीन्स बसवून देते आणि त्यांची सर्व्हिस करते. साधारण १५० माणसं, त्यातली निम्मी फिल्डवर. मी ४ वर्षं ट्रेनिंग बघतेय. वर्षाला प्रत्येकाचे ठरलेले तास भरायचे, फीडबॅक फॉर्मवर सगळे चांगलंच लिहितात, पण सर्व्हिस मॅनेजर म्हणतात फिल्डवर काडीचा फरक नाही. यंदा सर एका कॉन्फरन्सला जाऊन आले आणि म्हणाले, ७० टक्के शिकणं कामातच होतं, क्लासरूम बंद करा, लोकांना एकमेकांकडून शिकू द्या. मग मी दर शुक्रवारी ४ वाजता नॉलेज शेअरिंग सुरू केलं. पहिल्या वेळी ३२ जण आले, सहाव्या वेळी ५, त्यातले २ माझ्याच टीमचे. पोर्टल बनवलं, त्यावर ११ लेख आहेत, ९ मीच लिहिलेत. आमच्याकडे एक सिनियर काका आहेत, मशीनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतात, २ वर्षांत रिटायर होतील, पण सेशन घ्यायला साफ नाही म्हणतात. आणि मागच्या महिन्यात कळलं की फिल्डवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मी त्यात नाही, आणि खरं सगळं तिकडेच चालतं. सर म्हणतात तो ग्रुप ऑफिशियल करा, मॅनेजर्सना आत घ्या. मला ते पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये. आणि खरं सांगू का, लोक एकमेकांकडूनच शिकणार असतील तर मग माझं काय काम उरतं? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.’

अगं, सगळ्यात आधी त्या ग्रुपचं बोलू कारण तिथे घाई आहे. सरांना थांबव. आज नाही तर उद्या, पण मॅनेजर्सना त्यात घालायच्या आधी थांबव. तुला का पटत नाहीये ते मी सांगते. त्या ग्रुपवर कोणीतरी संध्याकाळी साडेसहाला कस्टमरच्या मशीनसमोर उभं राहून लिहितं की ‘सील तिसऱ्यांदा उघडतंय, काय करू कळत नाहीये’, आणि हे वाक्य लिहायला माणसाला जी हिंमत लागते ना, ती समोर आपल्यासारखेच लोक आहेत म्हणून येते, ज्याच्या हातात माझं अप्रेझल आहे तो वाचतोय असं कळलं की तो मेसेज कोणी लिहिणारच नाही. ग्रुप राहील, त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतील, आणि खरे प्रश्न दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवर जातील जो तुला कधीच कळणार नाही.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स बघितल्या होत्या, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा विषय होता, आणि अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या चुका कमी असतील. निघालं उलटंच, चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त! कारण तिथे लोक चूक झाली की बोलत होते, बाकीच्या ठिकाणी झाकत होते. तुमच्या ग्रुपवर ‘मला येत नाहीये’ असं लिहिता येतं, ही तुमच्या कंपनीकडे असलेली फार मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी ठरवून उभी केलेली नाही, त्यामुळे ती मोडली तर ठरवून परत उभी पण करता येणार नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तुम्ही पोर्टल बांधत होता, शुक्रवार ठरवत होता आणि तुमचे लोक आधीपासूनच एकमेकांकडून शिकतच होते, रोज.

आता तुझा शुक्रवार. तो का पडला याचं उत्तर तू बहुतेक ‘लोकांना इंटरेस्ट नाही’ असं स्वतःला दिलं असशील, मला ते खरं वाटत नाही. बघ, शुक्रवारी ४ वाजता विषय कोण ठरवत होतं? ज्याला सांगायचंय तो, किंवा तू. आणि ग्रुपवर विषय कोण ठरवतं? ज्याचं अडलंय तो. हा एवढाच फरक आहे पण सगळं त्यातच आलं. अडलेल्या माणसाच्या डोक्यात उत्तर ठेवायला जागा तयार असते, शुक्रवारी आरामात बसलेल्या माणसाच्या डोक्यात ती नसते, आणि समजा त्याने ऐकलं तरी ते मशीन त्याच्या पुढ्यात येईपर्यंत तीन महिने गेलेले असतात. तू क्लासरूम बंद करून जे सुरू केलंस ती पण क्लासरूमच होती गं, फक्त शिकवणारा बदलला. म्हणून बंद कर ते, बिनधास्त बंद कर, त्यात तुझी हार वगैरे काही नाही.

मी स्वतः खूप वर्षं ट्रेनिंगमध्ये काढलीत. एका ठिकाणी आम्ही नवीन सॉफ्टवेअरचं तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, सगळं व्यवस्थित, पुस्तिका छापल्या, आणि दोन महिन्यांनी सहज त्या मजल्यावर गेले तर सगळे एका क्लार्क बाईंच्या टेबलापाशी उभे. त्यांनी एका वहीत स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, कुठलं बटण दाबलं की काय अडकतं आणि मग कसं बाहेर पडायचं, अख्खा मजला त्या वहीवर चालला होता. आमच्या पुस्तिकेत ‘अडकलं तर’ हा भागच नव्हता. त्या बाईंना त्याचं कधी कोणी साधं थँक्यू पण म्हणालं नाही, उलट टेबलापाशी गर्दी असते म्हणून त्यांना बोलणी बसली. हे मला अजून लागतं.

तुझ्या कंपनीसारखीच एक गोष्ट आहे, ती सरांना पण सांग, कॉन्फरन्सवाल्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८० च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन्सबरोबर हिंडून बघितलं की ही माणसं खरंच काम कशी करतात. कंपनीला वाटत होतं मॅन्युअल बघून करतात. मॅन्युअलमध्ये एका पाठोपाठ एक पायऱ्या होत्या, पण मशीन तसं बिघडत नाही ना, हे तुझ्या लोकांना विचार. ते टेक्निशियन्स सकाळी किंवा जेवताना एकत्र बसायचे आणि एकमेकांना किस्से सांगायचे, अमक्या ठिकाणी असा बिघाड होता, सगळं बदलून झालं आणि शेवटी भलतंच निघालं. एकदा एक मशीन काही केल्या सुधरेना तेव्हा टेक्निशियन आणि त्याचा सिनियर मशीनसमोरच जुने किस्से काढत बसले आणि त्यातूनच उत्तर सापडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं टाइमपास चाललाय. ऑरचं म्हणणं हे की तेच काम होतं. पुढे कंपनीने काही टेक्निशियन्सना एकमेकांशी बोलायला रेडिओ दिले, म्हणजे तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच समज.

आणि मग १९९० च्या दशकात झेरॉक्सने युरेका नावाची सिस्टिम केली, सुरुवात फ्रान्समधून झाली, त्यात टेक्निशियननेच शोधलेली युक्ती लिहायची, दुसऱ्या अनुभवी टेक्निशियन्सनी ती तपासायची, आणि मगच ती सगळ्यांना दिसायची, लिहिणाऱ्याच्या नावासकट. युक्तीमागे पैसे द्यायची कल्पना पण निघाली होती पण ती टेक्निशियन्सनाच नको होती, पैसे आले की लोक नुसते आकडे वाढवायला लिहितील म्हणून. नाव मात्र हवं होतं.

यातल्या तपासणाऱ्यांकडे नीट लक्ष दे कारण एकमेकांकडून शिकण्याचं कौतुक करणारे लोक हा भाग नेहमी गाळतात. चुकीची गोष्ट पण तेवढ्याच वेगाने पसरते, खरं तर जास्त वेगाने, कारण शॉर्टकट सगळ्यांनाच हवा असतो. पॅकिंग मशीनच्या दाराचा सेफ्टी स्विच बायपास करून चालू मशीनमध्ये फिल्म सरळ करायची, हे कोणी तरी एकदा केलं, जमलं, ग्रुपवर टाकलं, की महिन्याभरात दहा जण तसं करतात, आणि मग कोणाचा तरी हात सीलिंग जॉमध्ये, म्हणजे पाकीट दाबून सील करणाऱ्या जबड्यात जातो. म्हणून सेफ्टीचं ट्रेनिंग, वीज बंद करून लॉक लावायची पद्धत, कायद्याने जे द्यावंच लागतं ते, आणि नवीन आलेल्यांचे पहिले दिवस, हे सगळं रीतसर शिकवायचं, क्लासरूममध्ये, तुझ्या रजिस्टरवर सह्या घेऊन. यावर अजिबात मागे हटू नकोस. जो अगदी नवखा आहे त्याला तर काय विचारावं हे पण कळत नसतं, त्याला ‘जा, लोकांकडून शिक’ म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं आहे.

आणि ते ७० टक्के. हा आकडा कुठून आला ते सरांना माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेतल्या लोकांनी १९८० च्या दशकात यशस्वी मॅनेजर्सना विचारलं होतं की तुम्ही महत्त्वाचं जे शिकलात ते कशातून शिकलात, त्या उत्तरांवरून पुढे हे ७०, २०, १० असं गणित बसवलं गेलं, म्हणजे ७० कामातून, २० माणसांकडून, १० कोर्समधून. तेही त्यांच्या आठवणीवर, मोजून नाही, आणि मॅनेजर्सचं, टेक्निशियन्सचं नाही. यात तथ्य नाही असं नाही, दिशा बरोबरच आहे, पण त्यावरून क्लासरूम बंद करायचे निर्णय घ्यायचे नसतात आणि बजेट तर त्याहून नाही. आणि गंमत बघ, त्यात पण माणसांकडून शिकणं २० च आहे, ७० हा कामाचा वाटा आहे. सरांनी दोन्ही एकत्र केलेत.

आता काका. तू लिहिलंस ‘साफ नाही म्हणतात’, त्यात मला जरा राग दिसला, म्हणून विचारते, तू त्यांना काय मागितलंस? तासाभराचं सेशन, बहुतेक पीपीटीसकट. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं हाताने काम केलंय त्याला स्टेजवर उभं करून ‘तुम्हाला आवाजावरून कसं कळतं ते सांगा’ म्हणणं हे त्याला अवघड जागी टाकणं आहे, कारण त्याला स्वतःलाच माहीत नसतं कसं कळतं. ते लपवतायत असं नाही, त्यांना ते शब्दांत मांडता येत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता, एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखतील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. काकांचं आणि तुझ्या ज्युनियर मुलांचं तेच होतं, काका म्हणतात ‘जरा आवाज बदललाय, बेअरिंग बघ’, आणि मुलगा बघतच राहतो, त्याला तर तोच आवाज येतोय जो मघाशी येत होता.

यावर उपाय म्हणजे शिकणाऱ्याला त्यांच्याजवळ नेऊन बसवायचं. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८५ च्या सुमारास घरगुती ब्रेड मशीन बनवत होते आणि पीठ काही केल्या नीट मळलं जात नव्हतं, तेव्हा त्यांच्यातल्या इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअरवाल्या बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतो. मग इंजिनियर्सनी त्यावरून मशीनच्या आत खास कंगोरे दिले. बेकरला विचारून हे कळलंच असतं असं नाही, शिकणारीने बघितलं म्हणून कळलं. तसं तू कर. काकांबरोबर दोन तरुण मुलं आळीपाळीने कॉलवर पाठव, चांगली चौकस बघून निवड, आणि काम त्यांचं, काकांचं नाही: जेव्हा काका काही करतात तेव्हा विचारायचं ‘आत्ता तुम्ही का थांबलात?’, ‘हे आधी का बघितलंत?’, ‘हे नसतं तर मग काय बघितलं असतं?’. मोबाईलवर तो आवाज रेकॉर्ड करायचा, खराब बेअरिंगचा आणि चांगल्याचा, दोन्ही, म्हणजे फरक कानाला कळेल. संध्याकाळी मुलांनी चार ओळी लिहायच्या आणि काकांना वाचून दाखवायच्या. काका म्हणतील ‘अरे असं नाही, हे फक्त जुन्या मॉडेलला’, आणि ते ‘असं नाही’ म्हणणं हेच सोनं आहे, ते सेशनमध्ये कधीच मिळालं नसतं.

आणि युरेकातले तपासणारे आठव. ग्रुपवरची युक्ती बरोबर की धोक्याची, हे ठरवायला तुमच्याकडे काकांपेक्षा योग्य कोण आहे? त्यांना भाषण नको असेल पण ‘हे बरोबर आहे का जरा बघता का’ म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. सेफ्टीचं असेल तर सेफ्टीवाल्या माणसाची पण सही घे. एक मात्र आधी स्वतः खात्री करून घे, की काकांना सगळं काढून घेतील आणि मग लवकर घरी पाठवतील अशी भीती तर नाही ना. असेल तर ती खोटी आहे असं सरांनी त्यांना समोर बसवून सांगायला हवं, तू सांगून भागणार नाही. आणि सर तसं सांगू शकत नसतील तर मग काका नाही म्हणतात ते बरोबरच आहे.

ग्रुपमध्ये अडचणी नाहीत असं नाही हां. उत्तरं वर सरकून जातात आणि तोच मार्क सेन्सरचा (फिल्मवरची खूण ओळखणाऱ्या सेन्सरचा) प्रश्न दर महिन्याला नव्याने येतो, फोन बदलला की सगळं गेलं. आणि अजून एक, ज्याकडे कोणी बघत नाही, ग्रुपमध्ये कोण नाहीये? नवीन आलेला मुलगा ज्याची अजून कोणाशी ओळख नाही, फिल्डवर दोन-तीनच मुली असतील तर त्या, दुसऱ्या शिफ्टवाले. जिवाभावाचे मित्र एकमेकांना शिकवतात आणि बाकीचे बाहेर राहतात, हे क्लासरूममध्ये होत नव्हतं, तिथे निदान सगळ्यांना एकच खुर्ची मिळत होती. म्हणून ग्रुपमधल्या एका भल्या माणसाशी बोल, स्वतः आत जाऊ नकोस, त्याला सांग की नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्या आठवड्यात आत घ्या, आणि पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न महिन्यातून एकदा मला दे, ज्याने उत्तर दिलं त्याला विचारून, त्याचं नाव घालून आपण एका पानावर ठेवू. अर्धं पान, फोटो, बास. तुझे ते ९ लेख काढून टाक, ज्याचं अडलंय तो पोर्टलवर लॉगिन करून लेख वाचत नाही गं.

वेळेचं मात्र तुला सर्व्हिस मॅनेजरांशी भांडावं लागेल. तुमच्या टेक्निशियनला बहुतेक दिवसाचे कॉल मोजले जातात. दुसऱ्याला फोनवर वीस मिनिटं समजावलं तर ती वीस मिनिटं त्याच्या कॉलमधून जातात, म्हणजे मदत करणाऱ्याला कंपनी रोज थोडी थोडी शिक्षाच करतेय आणि वर पोस्टर लावतेय की ज्ञान वाटा. मदतीचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरा एवढंच माग. पण मदतीचं टार्गेट लावू देऊ नकोस हां, महिन्याला ५ टिप्स कंपल्सरी वगैरे, त्या क्षणापासून लोक पाट्या टाकायला लागतात. आणि सर आकडा मागणारच, तर तासांच्या ऐवजी त्यांना दोन गोष्टी दाखव: त्याच मशीनसाठी त्याच बिघाडाने परत जावं लागणं कमी होतंय का, आणि नवीन माणूस एकटा कॉलवर जायला किती आठवडे लागतायत. दोन्ही तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आत्ताच पडलेलं असेल. फीडबॅक फॉर्ममध्ये ते कधीच दिसणार नव्हतं.

आणि तुझं काय काम उरतं. हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमध्ये एकदम नवीन माणसं भरावी लागली, ज्यांनी कधी मशीन बघितलं नव्हतं अशी, तेव्हा १९४० ते १९४५ ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. सगळ्यांना पुरतील एवढे शिक्षक आणायचे कुठून, म्हणून त्यांनी कारखान्यातल्याच सुपरवायझर्सना आणि अनुभवी कामगारांना शिकवायचं कसं हे शिकवलं, फक्त १० तासांत. चार पायऱ्या होत्या: माणसाला तयार कर आणि आधी त्याला काय येतं ते बघ, मग करून दाखव, कुठलीही महत्त्वाची जागा आली की ती का महत्त्वाची ते सांग, मग त्याला करायला लाव आणि त्याच्याच तोंडून ते वदवून घे, आणि मग सोड पण अधूनमधून बघत राहा. युद्धानंतर हेच जपानी कारखान्यांमध्ये गेलं आणि तिथे मुरलं. हे १० तास तुझे आहेत. तुमच्याकडचे जे आठ-दहा जण ग्रुपवर नेहमी उत्तरं देतात त्यांना हे शिकवायला कोण आहे? सर नाहीत, काका नाहीत. बऱ्याच चांगल्या कारागिरांना शिकवता येत नाही, ते शिकणाऱ्याच्या हातातला पाना काढून घेतात आणि स्वतःच करून मोकळे होतात, शिकणाऱ्याला वाटतं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी परत फोन. त्यांच्या हाताला थांबायची सवय लावणं हे कौशल्याचं काम आहे आणि ४ वर्षं तू तेच शिकत होतीस, फक्त एसी रूममध्ये.

येत्या शुक्रवारी ४ वाजता सेशन ठेवू नकोस. त्याऐवजी सकाळीच कोणा एका टेक्निशियनबरोबर फिल्डवर जा, वही घेऊन, ट्रेनिंग मॅडम म्हणून नाही तर नुसती सोबत, आणि दिवसभरात त्याने कोणाकोणाला फोन केला, काय विचारलं आणि कुठे विचारायचं टाळलं तेवढंच लिही. असे चार दिवस चार जणांबरोबर. सरांना ग्रुपचं काय सांगायचं ते त्यानंतर तुला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल, तोवर फक्त महिनाभर थांबा म्हण. आणि काका काय म्हणाले ते मला नक्की कळव, मला खरंच ऐकायचंय.